सोडून दिलेली विहीर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कसं? गावातली माझी सगळी पत या एकाच गोष्टीवर उभी आहे.

आधी एक फजिती सांगतो, म्हणजे पुढचं बोलायला जीभ सैल होईल. एका एप्रिलमध्ये वाडीतल्या खोपीत मी चहा टाकला आणि दूध फाटलं. दुसऱ्या दिवशीही फाटलं. एरवी पिण्याचं पाणी मी घरून नेतो, पण त्या आठवड्यात आळस केला होता आणि विहिरीचंच पाणी वापरत होतो. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याला बांधावर उभा करून असा झापला, की शेजारच्या वाडीतल्या बायका काम टाकून बघत राहिल्या. तो मिठागरांकडच्या गावचा. शांतपणे म्हणाला, "दुधात काय नाय, शेट. तुमचं पानी चाखा. मीठ मी वळखतो." मी त्याला हाकलला. मग कुणी बघत नाहीसं पाहून ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, आणि — खारट. फार नाही. पण खारट.

आता ही विहीर साधी नव्हती. तिच्यावरून माझा आणि माझा धाकटा चुलतभाऊ हरेश्वर याचा सात वर्षं दावा चालला होता. विहीर आमच्या आज्यानं बांधलेली. सकाळची पाळी आमची, दुपारची त्यांची. माझे वडील गेले, त्या सकाळी आम्ही तिरडी उचलली आणि पलीकडे विहिरीवर हरेश्वरचं पाणी खेचायचं इंजिन धडधडायला लागलं. आमच्या पाळीला! त्याच्या केळी सुकत होत्या, म्हणे. मागून माणसं काय म्हणत होती ते मला ऐकूच आलं नाही. इंजिन ऐकू आलं.

तेराव्यानंतर मी वकील गाठला. बायको म्हणाली, सोडा. पुढे पुढे वकीलही म्हणाला, समेट करा. मी कसला सोडतो! शेवटी कोर्टाचा मनाईहुकूम मिळवला, आणि दोन वर्षं हरेश्वरला त्या विहिरीचा थेंब मिळाला नाही. बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळीत, पावसाचं साचेल तेवढ्या पाण्यावर अर्धी वाडी कशीबशी जगवायचा. मला विहीर नकोच होती हो. मला ते इंजिन बंद हवं होतं.

आणि मग हे खारट पाणी. पावसात ते पुन्हा गोड झालं — पण आता मला ठाऊक होतं, उन्हाळा आला की काय होणार. गोखिवऱ्याला एका कारखान्यात मला नोकरी लागलीच होती. त्या श्रावणात मी हरेश्वरच्या दारात गेलो आणि म्हणालो, "घे विहीर. भावाभावांत कशाला?"

तो रडला. मीही रडलो — जमतं मला. समाजाच्या मंडळानं शाल-नारळ दिला. कुठवर लढावं आणि कुठे थांबावं हे यांच्याकडून शिकावं, असं भाषणही झालं. मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना ती नम्रता वाटली.

हरेश्वरनं केळी काढल्या आणि सबंध वाडीत पानवेल लावली. पानवेलीला खारं पाणी चालत नाही, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी कुंपणाशी उभा राहून त्याला एकेक कांडी लावताना बघत होतो. एक वाक्य बोललो असतो तर? — नाही बोललो. होळीच्या आधी तो पानं घेऊन घरी आला. "दादा, पहिला खुडा तुझा." मी विडा लावला, खाल्ला. छान होता.

वैशाखात वेली पिवळ्या पडल्या. हरेश्वर आमच्या ओट्यावर येऊन बसला. "दादा, पाणी मचूळ लागतंय. तुझ्या वेळी व्हायचं का रे असं?"

इथवर तुम्ही म्हणाल, गप्प राहिला, एवढंच ना? एवढंच असतं तर लिहायला बसलो नसतो. मी म्हणालो, "छे, कधीच नाही. नवीन वेल आहे, धीर धर. आता सोडू नकोस."

त्यानं सोडलं नाही. तीन उन्हाळे. दर पावसाळ्यानंतर नवी लावण, दर वैशाखात पिवळी. दुसऱ्या वर्षी त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच सांगितलं. स्वतःच्या हातालाच यश नाही म्हणायला लागला. शेवटी वाडी विकून तुळिंजला दोन खोल्यांत गेला. दुसऱ्याच्या दुकानात पुड्या बांधतो. भेटला की म्हणतो, "दादा, तुझ्यामुळे तीन वर्षं तरी टिकलो."

सूड गोड लागला का? लागला. कारखान्यातून परतताना त्याची पिवळी वाडी दिसावी म्हणून मी वाट वाकडी करून यायचो. माझं सोडणंही सूड होतं, आणि त्याला सोडू न देणं — तेही.

काल हे सगळं बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती. हात थांबला नाही. म्हणाली, "हरेश्वर भावजी ओट्यावर विचारत होते ना, तेव्हा मी दारातच उभी होते. पाणी खारट झाल्याचं दूधवाल्यानं मला केव्हाच सांगितलं होतं. तुम्ही 'कधीच नाही' म्हणालात, आणि मी त्यांच्यासाठी चहा टाकायला आत गेले."