देव्हाऱ्यात ठेवलेल्या गोळ्या

त्या सकाळी मी दिवा लावला आणि रोजच्या दोन गोळ्या तोंडात न टाकता देव्हाऱ्यातल्या पितळी डबीत ठेवल्या. डॉ. देवधर सरांच्या साठीनिमित्त लिहिताना मला तिथूनच सुरुवात करावी लागेल.

सरांची ओळख त्याच्या बरीच आधीची. साकेत नगरच्या रुग्णालयात त्यांच्या प्रयोगशाळेत मी तंत्रज्ञ म्हणून लागलो. माझं गावच्या शाळेतलं इंग्रजी पाहून त्यांनी मला इंग्रजीऐवजी तिथल्या रोजच्या हिंदीत नोंदी करू दिल्या. पुढे माझ्याच किडन्या निकामी झाल्या. ताईनं तिची एक किडनी दिली. शरीरानं ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, आणि त्यांच्यामुळे संसर्गाची भीतीही जन्मभर. दात्याच्याच अस्थिमज्जेतल्या मूळ पेशी दिल्या तर या गोळ्या कमी करता येतील का, हा सरांचा अभ्यास. मीही त्यात होतो. ताईच्या पेशी मला दिल्यावर सर महिनोन्‌महिने थांबून थोडी थोडी मात्रा उतरवत. मला धीर निघेना. देवानं कृपा केली, पेशी रुजल्या, आता गोळी कशाला, असं मी मनाशी ठरवून टाकलं आणि काही आठवडे रोजच्या गोळ्या डबीतच टाकत गेलो.

तपासणीला येताना रिकाम्या स्ट्रिप्स आणायच्या, हा सरांचा नियम. मी आणल्या. सरांनी रक्ताचा अहवाल पाहिला.

"स्ट्रिप्स रिकाम्या, आणि रक्तात औषध नाही. गोळ्या कुणी खाल्ल्या?"

"देवापुढे ठेवल्या, सर."

"देवाला किडनी बसवलीय का हो?" असं म्हणाले खरे, पण त्यांचा चेहरा उतरला होता. "भरती व्हा. अभी के अभी."

ताईची किडनी राहते की जाते, हे तीन दिवस कुणालाच सांगता येत नव्हतं. सर सकाळ-संध्याकाळ खाटेशी येऊन बसत, घरून बिनमिठाची खिचडी आणत. चौथ्या दिवशी किडनी सावरली. माझे गोळ्यांविनाचे आठवडे यश म्हणून दाखवा, असं एका सहकाऱ्यानं सुचवलं. सरांनी मला अभ्यासातून वगळलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. 'हळूहळू' म्हणजे काय, ते मी यांना नीट समजावलं नाही."

मला मात्र एवढंच म्हणाले, "ताईंना मी सांगणार नाही. किडनी त्यांची आहे, सांगायचं तुम्ही."

दोन वर्षं माझी जीभ रेटली नाही. सरांना भरपूर आयुष्य आणि आरोग्य लाभावं, हा अभ्यास त्यांच्याच सावकाश हातांनी पुरा व्हावा, असं रोज दिव्यापाशी मागतो. पण हे मागणाऱ्यानं आधी सरांचं ऐकायला हवं होतं. म्हणून परवाच्या रविवारी ती डबी घेऊन अशोका गार्डन वसाहतीत ताईच्या घरी गेलो आणि सगळं सांगितलं.

ताईनं डबीचं झाकण उघडून आतल्या गोळ्या पाहिल्या. मग म्हणाली, "आजच्या गोळ्या घेतल्यास?"

"घेतल्या."