लॉटरीचं गाऱ्हाणं

मुलांनो, तुमच्या आजीला एकदा इंग्लंडची लॉटरी लागली होती. तिकीट मात्र तिने काढलं नव्हतं. परवा तुम्ही दोघांनी तिकडून फोन करून मला बजावलंत, की अनोळखी माणसाला बँकेतलं काही सांगू नकोस. म्हणून हे लिहून ठेवते. उपदेश चांगला होता, जरा उशिरा आला एवढंच.

तेव्हा आपल्याकडे मोबाईल नुकता आला होता. एका दुपारी त्यावर एक गृहस्थ इतकं सुरेख इंग्रजी बोलले, की मी खुर्चीत सरळ बसले. (शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याशी इंग्रजीत कुणी भांडलंसुद्धा नव्हतं!) लाखो लोकांतून माझाच नंबर निघाला होता म्हणे. बक्षीस सोडवायला थोडी फी भरायची आणि घरात कुणाला कळू द्यायचं नाही. मी त्यांना सगळी माहिती स्पेलिंगसकट दिली.

आजोबांना सांगावंच लागलं, कारण फीसाठी बागेतलं त्या वर्षीचं आंब्याचं पीक आधीच विकावं लागणार होतं. तळेऱ्याचा व्यापारी मोहोर बघून आगाऊ पैसे द्यायला तयार झाला, निम्म्या भावात. त्या बागेवर आपलं वर्ष चालायचं. तरी मी म्हटलं, सही करून टाका. आजोबा शांतपणे म्हणाले, "गो, देवाक सांगल्याशिवाय ह्या घरातलो नांगर भायर पडना नाय. आधी गाऱ्हाणा घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मागणं मांडायचं. ते मानकऱ्याने म्हणायचं आणि जमलेल्यांनी होकार द्यायचा. मी विचार केला, देव काही घरातलं माणूस नव्हे, त्याला सांगितलं तर चालेल. व्यापाऱ्याला ओटीवर चहा देऊन आम्ही देवळात गेलो. आजोबांनी मानकऱ्याच्या कानात सगळं सांगितलं आणि हळू बोलायची विनंती केली. पण त्या माणसाचं अर्धं आयुष्य होडीवरून हाका मारण्यात गेलं होतं!

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकरांका इंग्लंडची लॉटरी लागली हा. ता गावात कोणाक कळू नये असा त्यांचा मागणा आसा. ता गुपित तू राखून ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं देऊळ गरजलं.

सगळं म्हणजे दोघं सोडून. मासे विकणारी शेवंती खांबाला टेकून गप्प होती आणि निवृत्त पोस्टमास्तर छताकडे बघत होते. मानकऱ्याने दटावलं, की होकार अर्धवट राहिला तर गाऱ्हाणं पोचत नाही. तेव्हा शेवंती पुढे आली.

"बाईनू, मी खोटा कशाक सांगू? ती लॉटरी माका लागली हा."

पोस्टमास्तर खाकरले. त्यांनाही लागली होती. फोन तोच, बक्षीस तेच, आणि 'फक्त तुम्हालाच' हेही तेच. मला खरं दुःख वेगळंच झालं. शेवंतीशी तो गृहस्थ मोडक्या हिंदीत बोलला होता, म्हणजे माझ्या इंग्रजीचं त्याला काही विशेष नव्हतं.

आजोबांनी घरी जाऊन व्यापाऱ्याला आणखी एक कप चहा देऊन परत पाठवलं. संध्याकाळी फोन वाजला. मी त्या गृहस्थांना सांगितलं, की गावात तीन विजेते आहेत, तेव्हा बक्षीस घेऊन देवळातच या. त्यांनी फोन ठेवला. निरोपसुद्धा घेतला नाही, आणि म्हणे इंग्रजी सुरेख!

त्या वर्षीचे आंबे आपलेच राहिले. तुम्हाला दरवर्षी पेटी येते ती त्याच बागेतली. मानकऱ्याने मात्र तेव्हापासून जत्रेच्या गाऱ्हाण्यात एक ओळ वाढवली: "शिकलेल्या माणसांका फोनापास्ना राख रे म्हाराजा!" सगळे माझ्याकडे बघतात, म्हणून मीच सर्वांत मोठ्याने होकार देते. ती ओळ अजून आहे.