आक्काचा शॉक आणि मामांची किटली

त्या शनिवारी सकाळी मी रिक्षा घेऊन दारात आले आणि बघते तर काय... सासूबाईंच्या वरच्या ओठावर दुधाची मिशी. शेजारी मामा रिकामा पेला धरून बसलेले, चेहऱ्यावर पुण्य केल्याचं समाधान. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरची. आम्ही तेव्हा कोल्हापूरजवळ कळंब्याला राहायचो. सासूबाईंना सगळे आक्का म्हणायचे, मीसुद्धा, आणि तेही एकेरीत. उभी हयात म्हशी सांभाळण्यात गेलेली बाई... दुधाचा थेंब जिभेवर ठेवून म्हशीचं गोत्र सांगायची. तिच्या आवाजाशिवाय घरातलं पान हलायचं नाही.

त्या वर्षी ती हळूहळू गप्प होत गेली. मग बोलणं बंद, खाणं बंद. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायची, घास भरवायला गेलं की ओठ घट्ट मिटून घ्यायची. कारण विचारू नका... सांगण्यासारखं काही घडलेलंच नव्हतं. म्हशी विकल्यालाही बरीच वर्षं झाली होती, त्याचंही दुःख नव्हतं.

गोळ्यांनी फरक पडेना. शाहूपुरीतले डॉक्टर म्हणाले, आता वाट बघत बसलो तर जिवावर बेतेल, शॉक देऊया. भूल देऊन करतात, दुखत नाही, एक दिवसाआड काही वेळा द्यावे लागतात, असं सगळं नीट समजावलं. मला पटलं, नवऱ्यालाही पटलं. पण आक्काचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे मामा, हातकणंगल्याहून आले ते तणतणतच.

"करंट द्यायचा? माणूस हाय का पाण्याची मोटर?"

मी काही मागं हटणारी नव्हे. वाद झाले, जेवणाची ताटं तशीच राहिली... शेवटी मामांनी अट घातली. रविवारपर्यंत आक्का तोंडानं एक तरी शब्द बोलली तर ठीक, नाहीतर ते तिला गावाकडं घेऊन जाणार. तिथं अंगारे-धुपारे सुरू होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि न खाणारी बाई त्यावर किती दिवस तग धरणार, हेही ठाऊक होतं.

सुरुवातीचे शॉक झाले. आक्का माणसांकडं बघायला लागली, चमच्यानं पाणी घ्यायला लागली... पण शब्द काही फुटेना. शनिवारचा शॉक म्हणजे माझा शेवटचा डाव होता. भूल द्यायची म्हणून पोट रिकामं लागतं, हे मी मामांना दहादा बजावलं होतं.

पण आमच्याकडची माणसं... कुणी उपाशीपोटी उंबरा ओलांडायचा म्हटलं की यांचा जीव वर-खाली होतो. मामा सकाळीच सायकल काढून दूधकट्ट्यावर गेले. कोल्हापूरकरांना सांगायला नको, तिथं रस्त्याकडेला म्हशी उभ्या असतात आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून फेसाळ दूध देतात. मामांनी किटली भरून आणली आणि मी रिक्षा बघायला गेले तेवढ्यात बहिणीला पाजलीसुद्धा.

"मामा, आता आज शॉक देता यायचा नाही. उद्या रविवार."

"आजारी म्हशीला बी आमी उपाशी ठेवत न्हाई, सूनबाई. ही तर माझी बहीण हाय."

आमची चांगलीच जुंपली. रिक्षावाला आत डोकावून बघायला लागला. आणि तेवढ्यात कॉटवरून घोगरा आवाज आला...

"पाणी हाय ह्यात."

आम्ही दोघंही कॉटकडं वळलो. मामांना तर आधी रागच आला. "आक्का, माझ्या डोळ्यांदेखत धार काढलीया."

"मग किटलीत व्हतं."

किटली विसळून न निथळताच नेली होती, हे मामांनी नंतर कबूल केलं. त्या वेळी मात्र ते पेला छातीशी धरून लहान पोरासारखे रडत होते. मीही रडले. रिक्षावाल्यानं मुकाट्यानं मीटर बंद केला.

डॉक्टर दुधाचं ऐकून वैतागले, पुढचं ऐकून हसले. शॉक सोमवारवर गेला. वर त्यांनी दम भरला... जरा बरं दिसलं की लोक मधेच सोडतात, तसं चालणार नाही, ठरलेले सगळे घ्यायचे. सोमवारी आक्काच्या घशाखाली थेंब जाऊ नये म्हणून उंबऱ्यात मामाच बसले होते. शेजारीण चहा घेऊन आली, तिला तिथूनच परत धाडलं.

आक्का बरी झाली. गोळ्या चालू राहिल्या. त्या काळातलं बरंचसं तिच्या आठवणीतून गेलं ते गेलंच, अगदी नातवाचं बारसंसुद्धा. हे लपवण्यात अर्थ नाही. पण घर परत तिच्या आवाजानं भरलं, आणि शॉकचं नाव काढलं की घाबरणाऱ्यांना मी आजही सांगते, सिनेमात बघितलेलं विसरा आणि आधी डॉक्टरांशी बोला.

मामा त्यानंतर दर वेळी येताना कट्ट्यावरून किटली आणायचे. पेला आक्काच्या हातात देऊन उभेच राहायचे. "पातळ हाय", "वैरण बदलल्याली दिसती" असं काहीतरी ती बोलली की मगच टेकायचे.

एकदा आक्कानं पेला रिकामा केला आणि नुसतंच म्हणाली, "ब्येस हाय." मामा स्वयंपाकघरात माझ्याजवळ आले. हळूच विचारलं, "सूनबाई, आक्काची गोळी चुकली न्हाई न्हवं?"

डॉक्टरांचे उपकार तर आहेतच... पण किटलीतल्या त्या घोटभर पाण्याचेही आहेत.