होडीचं नाव काढू नको

ये, अशी जवळ बस. दारातूनच 'आत्या, निघते गं' म्हणायचं, ही कुठली रीत? घटकाभर टेक तरी. तुझ्या बापाची सवय ही, आणि त्याला ती लागली माझ्यामुळे.

तारापूरकडे बांधकामं सुरू झाली तेव्हाची गोष्ट. तुझा बाप नुकताच इंजिनियर होऊन आला होता. आमच्या मच्छीमारांच्या आळीतला पहिलाच. बोईसरच्या एका ठेकेदाराने त्याला मुलाखतीला बोलावलं. ही नोकरी लागली तर पोरगा घरचा डबा घेऊन जाईल-येईल, नाहीतर मुलूख सोडेल, एवढं आम्हाला कळत होतं.

मी शाळा पाहिलेली नाही. त्याच्याच पुस्तकांवरून अक्षरं लावायला शिकले, तरी शहाणपण शिकवायला पुढे! पालघरच्या शाळेत पोरं त्याला पाहून नाक धरायची, ते माझ्या मनात सलत होतं. निघताना बजावलं, "होडीचं नाव काढू नको. बापूस शेती करतो म्हण."

साहेबाने विचारलं, "कॉलेजाबाहेर कधी इंजिन उघडलंयस?"

"नाही, साहेब."

अगं, आमच्या होडीला इंजिन बसवल्यापासून दर सुट्टीत ते तोच खोलायचा. भर समुद्रात बंद पडलेलं त्याने चालू केलेलं. पण इंजिन म्हटलं की होडी आली, म्हणून 'नाही' म्हणाला.

साहेब म्हणाला, "इथे चिखलात पंप बंद पडतात. नुसता पुस्तकातला इंजिनियर मला काय कामाचा?"

संपलं. तुझ्या बापाच्या मागून आत गेलेल्या पोराने सांगितलं, मामाच्या भाताच्या गिरणीचं इंजिन मीच दुरुस्त करतो. त्याला घेतलं. बाहेर येऊन त्यानेच ते तुझ्या बापाला हसत हसत सांगितलं.

घरी येऊन तुझा बाप ओट्यावर बसला. सगळं ऐकून बाबांनी विचारलं, "मग बोलला का नाय?"

"आक्का बोलली, होडीचं नाव काढू नको."

बाबांनी हातातलं जाळं खाली ठेवलं. "मी काय चोर हाय, पोरी? माझा धंदा लपवाला?"

मी ते जाळं उचलून खुंटीला अडकवलं.

महिन्याभरात तो नोकरीसाठी पार बिहारकडे गेला. यायचा तो पाहुण्यासारखा, दोन दिवस. बाबा गेले तेव्हा तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मला त्याने एका शब्दानेही बोल लावला नाही; लावला असता तर बरं झालं असतं. आणि मीही कधी तोंडाने 'चुकले' म्हटलं नाही.

आता नोकरी संपवून तो इकडे परत आलाय, पण त्याचे गुडघे धरलेत, माझी नजर अधू झालीय. येत्या रविवारी त्याला घेऊन ये गं. त्याला काही सांगू नकोस, नुसतं आत्याने बोलावलंय म्हण. पण लवकर आण.