बोर्डिंगचा नववा नियम

नववीत असताना मी एक गोष्ट तीन आठवडे लपवून ठेवली आणि तिची शिक्षा सहावीतल्या एका मुलाला झाली. त्या गोष्टीला चाळीस वर्षं होत आली. आम्ही दोघंही आता केस पांढरे झालेली माणसं आहोत.

मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी आमचं बोर्डिंग होतं. एका ट्रस्टनं चालवलेली दुमजली इमारत. वर मुलांच्या चार मोठ्या खोल्या. खाली स्वयंपाकघर, जेवणाची पडवी, गृहपतींचं ऑफिस आणि कोठीला लागून एक छोटी खोली. तिला आम्ही आजारी खोली म्हणायचो. आम्ही पन्नासएक मुलगे होतो. बहुतेकांचं गाव कोकणात, आणि बहुतेकांचे वडील पूर्वी गिरणीत होते, आता नव्हते. माझेही तसेच. गिरणी बंद पडल्यावर वर्षभर त्यांनी इकडेतिकडे वॉचमनची कामं केली, मग आईला आणि धाकट्या बहिणीला घेऊन गावी गेले. जाताना मला म्हणाले, "तू शीक. तू मागे नको येऊस."

गृहपती म्हणजे निवृत्त शाळामास्तर. आम्ही त्यांना सर म्हणायचो. उंच, किडकिडीत, बारा महिने पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट. आवाज चढवायची त्यांना गरजच पडत नसे. पण ते आमच्याच पंगतीत बसून आमचीच पातळ आमटी जेवायचे आणि कुणाला ताप आला तर स्वतः कपाळावर पट्ट्या ठेवत बसायचे. त्यांची भीती वाटायची, राग कधी आला नाही.

व्हरांड्यात अकरा नियमांचा एक रंगवलेला फळा होता. साडेपाचला उठणे, आपले ताट आपण घासणे, दुसऱ्याचा टॉवेल न वापरणे, घरची पत्रे गृहपतींना दाखवून मगच टाकणे, असे. नववा नियम असा होता: 'सांसर्गिक आजार झालेल्या विद्यार्थ्यास पूर्ण बरा होईपर्यंत घरी पाठवण्यात येईल.' गोवराची एक साथ येऊन गेल्यावर ट्रस्टींनी तो घातला होता म्हणे. ज्यांची घरं भांडुप-घाटकोपरला होती त्यांना या नियमाचं काही वाटायचं नाही. माझं घर रात्रभर एसटीत बसल्यावर येणाऱ्या गावी होतं, आणि एकदा गावी गेलो की वडिलांना मला परत पाठवणं जमेल की नाही, याची मला खात्री नव्हती.

त्या वर्षी दिवाळीला गावी गेलो. चुलतभावांबरोबर एकाच अंथरुणावर झोपलो. परत आलो आणि आठवड्याभरात बोटांच्या बेचक्यांत बारीक पुटकुळ्या आल्या. मग मनगटावर, मग कमरेला. दिवसा सहन व्हायचं, अंथरुणात शिरलं की अंगाला आग लागायची. काय आहे ते मला ठाऊक होतं. एका चुलतभावालाही होती, आणि काकी त्याला कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ घालायची. खरूज.

मी आमच्या खोलीचा खोलीप्रमुख होतो. दर रविवारी सकाळी सर नखं, कान, दात तपासायचे आणि मी वही घेऊन त्यांच्या मागून नोंदी करत चालायचो. वही धरलेल्या मुलाचे हात कोण बघणार?

माझ्या शेजारी सहावीतला तो मुलगा झोपायचा. जूनमध्येच आला होता. आई नव्हती. वडील आरे कॉलनीत गोठ्यावर कामाला. पहाटे अडीचला धार काढायची पहिली पाळी, दुपारी दुसरी. त्या वेळात पोराकडे बघणार कोण, म्हणून इथे ठेवलं होतं. बोलायचा कमी. मला दादा म्हणायचा. डिसेंबर लागला तसा डोंगरावरून गार वारा यायला लागला. त्याच्याकडे पांघरूण म्हणून एक विरलेली चादर होती. कुडकुडत झोपायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "ये रे इकडे," आणि माझ्या गोधडीत घेतलं.

अंगाला खाज असताना मी हे केलं. दया आली हे खरं आणि डोक्यात विचार आला नाही हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी विचार आला होता, आणि तरी मी त्याला घेत राहिलो. आता नको म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं.

पंधरवड्यानंतरच्या रविवारी सर त्याच्यापुढे थांबले. त्याचा हात उलटा केला, बोटं फाकवली.

"कधीपासून खाजतंय?"

"चार-पाच दिवस, सर."

सरांनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "नाव लिही." मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं होतं.

तो खाली आजारी खोलीत गेला. त्याचं ताट वेगळं, तांब्या वेगळा. वर खोलीत लगेच चर्चा सुरू झाली. "गोठ्यातून आणली असणार यार, म्हशींची खरूज ती." "वाट लागली आपली." कुणीतरी त्याच्या जागेवर फिनेल ओतलं. संध्याकाळी मुलं आजारी खोलीच्या खिडकीसमोरून जाताना म्हशीसारखं हंबरायची. मी हंबरलो नाही. पण खोलीप्रमुख असून कुणाला गप्पही केलं नाही.

आमच्या स्वयंपाकाच्या मावशी मालवणकडच्या होत्या. त्या त्याला जेवण नेऊन द्यायच्या आणि तो जेवेपर्यंत तिथेच बसायच्या. मंगळवारी मी ताट घासायला गेलो तेव्हा त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "पोर जेवणा नाय रे. सारखा विचारता, माका आता शाळेतसून काढतले काय?"

मी नळ मोठा सोडला आणि ताट घासत राहिलो.

बुधवारी त्याचे वडील आले. सकाळची पाळी संपवून तसेच आले होते. बुटके, छातीनं रुंद, अंगात खाकी सदरा, अंगाला दुधाचा आणि पेंडीचा वास. शाळा दुपारची असल्यामुळे मी बोर्डिंगातच होतो. सरांनी मला हाक मारली आणि त्या मुलाची ट्रंक खाली आणायला सांगितली. मी ट्रंक घेऊन ऑफिसच्या दारात आलो तेव्हा आत सर नियम समजावून सांगत होते. तो मुलगा भिंतीला टेकून उभा होता.

वडील सगळं ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "घरी न्यायला माझी ना न्हाई, सर. पण मी दिवसातला निम्मा वेळ गोठ्यात. ह्यो एकटा काय करंल?" मग थोडं थांबून म्हणाले, "आणि पोरं म्हणत्यात, म्हशीमुळं झाली. ह्यानं सांगितलं मला. तसं असतं तर पयली मला व्हायला पायजे होती की. रोज पंधरा म्हशींची धार काढतो मी."

आणि त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं फाकवून. हात रापलेले होते, नखांच्या कडा फुटलेल्या, पण बेचक्यांत एक पुटकुळी नव्हती. सर वाकून ते हात बघत राहिले. मीही दारातून बघत होतो.

माझ्या हातात ट्रंक होती. ती मी खाली ठेवली. अजिबात ठरवलं नव्हतं, पण तोंडातून शब्द गेले.

"सर, त्याला माझ्यामुळे झाली."

सरांनी मान वर केली. मी आत गेलो आणि त्या हातांच्या शेजारी माझे हात ठेवले. आणखी काही सांगायची गरज नव्हती. तीन आठवड्यांत खाजवून खाजवून मनगटं सोलपटली होती.

"केव्हापासून?"

"दिवाळीहून आल्यापासून."

"का नाही सांगितलंस?"

"तुम्ही गावी पाठवलं असतं. मग मी परत आलो नसतो." इथे मला रडू फुटलं.

सर खिडकीबाहेर बघत बसले. दारात मावशी केव्हा येऊन उभ्या राहिल्या होत्या कळलं नाही. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "सर, रागावू नका हां. पण चार दिस मी बघतंय, तुमीपण खाजवतास."

सरांनी सावकाश डाव्या बाहीचं बटण काढलं, बाही वर सरकवली आणि मनगटाकडे असं बघितलं, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. "मला वाटलं घामोळं असेल," ते म्हणाले. डिसेंबरात! त्या मुलाच्या वडिलांना हसू आवरेना. मग सरही हसले. मी सरांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो, पण मला हसता आलं नाही.

त्याच दिवशी सर आम्हा दोघांना घेऊन म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा तिघांचे हात पाहिले आणि विचारलं, "एकाला वेगळं ठेवून काय होणार? लक्षणं दिसायच्या आधीच ती पसरलेली असते. सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावा. खाज असो वा नसो. कपडे उकळा, गाद्या उन्हात टाका. आठवड्यात मोकळे व्हाल."

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सर सगळ्यांसमोर उभे राहिले. दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर. "मला खरूज झाली आहे," ते म्हणाले. "मी घरी जाणार नाही, कारण माझं घर हेच आहे. तुमच्यापैकीही कुणाला पाठवणार नाही. आता ज्यांना खाज आहे त्यांनी हात वर करा."

आधी कुणीच केला नाही. मग एक, मग दोन, मग भराभर. माझा धरून चौदा हात वर आले. हंबरणाऱ्यांतल्या दोघांचेही होते.

रविवारी सकाळी औषध लावायचं ठरलं. अंगणात चुलाण मांडून मोठ्या पातेल्यात कपडे उकळत होते. पन्नास मुलगे टॉवेल गुंडाळून रांगेत. औषध दुधासारखं पांढरं, वास उग्र. ते गळ्यापासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं, आणि जिथे खाजवून कातडी गेली होती तिथे असं झोंबायचं की मुलं एका पायावर नाचायची. त्या मुलाचे वडील सकाळची धार आटोपून पुन्हा आले होते. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांनी विहिरीचं पाणी ओढलं, जड गोधड्या एकट्यानं पिळल्या, दोरीवर टाकल्या आणि दुपारच्या पाळीसाठी बस पकडायला निघून गेले.

पाठीला आपलं आपल्याला लावता येत नाही, म्हणून सरांनी जोड्या लावल्या होत्या. माझी जोडी त्याच्याशी. मुद्दाम लावली की काय, मी कधी विचारलं नाही. तो माझ्या पाठीला कापसाच्या बोळ्यानं औषध लावत होता.

मी म्हटलं, "माझं चुकलं."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"माझं नाव लिहिलंस तेव्हा पण?"

"हो."

त्याचा हात थांबला नाही, जोरानं चोळलंही नाही. पाठ पूर्ण झाल्यावर बोळा टाकून दिला आणि अंथरूण खिडकीजवळ नेलं, दुसऱ्या मुलाशेजारी. त्यानंतर मला तो दादा कधीच म्हणाला नाही.

सरांनी मला खोलीप्रमुखपदावरून काढलं. ओरडले नाहीत. "वही दे," इतकंच म्हणाले. पण त्या आठवड्यात मी घरी लिहिलेलं कार्ड त्यांनी नियमाप्रमाणे वाचलं तेव्हा खाली उरलेल्या जागेत बारीक अक्षरात त्यांनी स्वतः दोन ओळी लिहिल्या. मला त्या मे महिन्यात गावी गेल्यावर दिसल्या. 'मुलाची प्रकृती उत्तम. त्याच्या शिक्षणाची काळजी करू नये, ते येथेच पूर्ण होईल.'

नववा नियम बदलायला ट्रस्टींशी सरांना बरंच भांडावं लागलं असं मावशींकडून कळलं. जानेवारीत पेंटर आला, ती ओळ खरवडली आणि तिथे लिहिलं: 'आजार लपवू नये. उपचार येथेच होतील.' नवा रंग बाकीच्या दहा ओळींपेक्षा ठळक दिसायचा.

मार्चमध्ये वार्षिक परीक्षेआधी तो मुलगा गणिताचं पुस्तक घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. नफा-तोट्याची उदाहरणं त्याच्या डोक्यात शिरत नव्हती. मी सरकून जागा केली. आठवडाभर रोज तासभर बसलो. गणिताखेरीज एक शब्द नाही. तो पास झाला. हे मला त्यानं नाही, त्याच्या वडिलांनी सांगितलं. ते त्याला सुट्टीसाठी न्यायला आले होते.

"तूपण चल की दोन दिवस," ते मला म्हणाले. "गावाला जायला अजून वेळ हाये ना?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो ट्रंकेची कडी लावत होता. "चल ना," तो म्हणाला.

आरेला झाडीतून जाणाऱ्या रस्त्यानं आम्ही गोठ्यावर पोचलो तेव्हा दुपारची धार सुरू होणार होती. मी इतक्या म्हशी एकत्र कधी पाहिल्या नव्हत्या. भारावून रांगेच्या मागून चालायला लागलो, तेवढ्यात त्यानं माझा दंड धरून मला मागे ओढलं.

"त्या तिसरीच्या मागून जाऊ नको," तो म्हणाला. "लाथ मारते."