फुकेतच्या बंदरातलं दान

कमलताई कुणाशी हात मिळवत नसत, थेट मनगट धरत. वणीला खाण कामगारांच्या दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी परिचारिका म्हणून गेली. निवृत्त झाल्यावरही ही सवय सुटली नाही. भाजीबाजारात भेटल्या की "जय भीम भाऊ" म्हणायच्या आणि बोलता बोलता दोन बोटं माझ्या मनगटावर टेकवायच्या. "काहून एवढं धडधडून राह्यलं? वैनीनं मीठ कमी नाई केलं वाटते." भर बाजारात माझी तपासणी व्हायची आणि मी मुकाट्यानं हात पुढे करून उभा असायचो.

आता त्या मुलाकडे नागपूरला असतात. शेजारचं त्यांचं घर बंद असतं. पण त्यांच्याबद्दल कुणी विचारलं, की मला फुकेतची ती सकाळ आठवते.

मी बँकेतून निवृत्त झालो आणि सुधाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हट्टामुळे आम्ही सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजाच्या सहलीचं ठरवलं. ताईंना सहज सांगितलं, तर म्हणाल्या, "मले बी घ्या सोबत. जलमात दर्या नाई पाह्यला." त्यांच्या मुलानं पैसे भरले. जहाज थायलंडच्या फुकेत बंदराला लागणार आणि तिथे मोठा बुद्धविहार आहे, हे कळल्यावर वणीतल्या ताईंच्या विहारात येणाऱ्या बायांनी दान गोळा केलं. कापूस वेचणाऱ्या, अंगणवाडीत स्वयंपाक करणाऱ्या, बांगड्या विकणाऱ्या बाया त्या. कुणी दहाची नोट दिली, कुणी पाचशेची. "आमच्यातलं कोणी तिथं जाणार नाई ताई, तुमीच आमचे पाय," असं म्हणून त्यांनी ते पैसे ताईंच्या ओटीत घातले.

निघण्याआधी मी माझं बँकेतलं ज्ञान पाजळलं. जहाजावर सगळा खर्च खोलीच्या कार्डावर पडतो. बंदरावर उतरलं की रिक्षा, नारळपाणी, छोटी दुकानं यांच्यापुरते तिथले सुटे पैसे ठेवायचे, बाकी कार्ड. मशीननं रुपयांत की तिथल्या पैशात असं विचारलं, तर तिथल्या पैशात म्हणायचं, म्हणजे दर बरा पडतो. रोख फार बाळगायची नाही. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबर हाय भाऊ. पण दानपेटीत कार्ड कसं टाकू?"

पहिल्या सकाळी त्या जहाजाच्या कठड्याला धरून कितीतरी वेळ उभ्या होत्या. नाश्त्याला बोलवायला गेलो, तर माझ्याकडे न पाहताच बोलल्या, "याले पल्याडचा काठच नाई. एवढं पानी हाय आन् मानूस उगाच मोठा होऊन राह्यला."

फुकेतला मोठं जहाज खोल पाण्यात थांबलं आणि छोट्या बोटींनी आम्हाला किनाऱ्यावर आणलं. ताईंनी सगळ्यात आधी दानाचे पैसे बदलून थायलंडचे बाट घेतले. "त्यांच्या विहारात त्यांचंच नाणं पाह्यजे," म्हणून. कापडी बटव्यात ते ठेवून त्यांनी बटवा पदराखाली खोचला. विहाराकडे नेणारी रिक्षा आम्ही शोधतच होतो, तेवढ्यात समोरच्या दुकानापाशी एक उंच, पिकल्या केसांचा गोरा माणूस कोसळला. आमच्याच जहाजावरचा. जेवणघरात रोज बायकोची खुर्ची ओढून द्यायचा, म्हणून लक्षात राहिलेला.

गर्दी जमली, पण हात कुणी लावेना. ताई गुडघ्यांवर बसल्या, मनगट धरलं, मानेवर बोटं ठेवली आणि दोन्ही तळवे त्याच्या छातीवर ठेवून दाबायला लागल्या. पायऱ्या चढताना कुरकुरणारे त्यांचे गुडघे तापल्या फरशीवर टेकलेले होते. दमल्यावर त्यांनी मला खाली बसवलं. "कोपर वाकवू नका भाऊ. जोर लावा. थांबू नका." मी दाबत राहिलो. मग त्यांनी मला बाजूला सारून पुन्हा स्वतः सुरुवात केली. शेवटी त्या माणसाच्या घशातून आवाज आला आणि ताई म्हणाल्या, "आला मागं."

जवळच्या लहानशा दवाखान्यात त्याला उचलून नेलं. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, एक महागडं इंजेक्शन लगेच द्यावं लागेल आणि मोठ्या रुग्णालयात हलवावं लागेल. दोन्हींचे पैसे आधी भरा. दवाखान्यातून कळवल्यावर जहाज कंपनीचा किनाऱ्यावरचा माणूस निघाला होता, पण रस्त्यात गाड्या तुंबल्या होत्या. आमच्यासोबत आलेल्या, त्या गोऱ्या माणसाच्या बायकोनं कार्ड काढलं. मशीननं गुप्त आकडा मागितला. तो नवऱ्यालाच ठाऊक होता, आणि तो डोळे मिटून पडलेला. मी माझं कार्ड पुढे केलं. परदेशातली मोठी रक्कम पाहून बँकेनं व्यवहार अडवला आणि खात्रीचा निरोप माझ्या फोनवर पाठवला. त्या फोनला तिथे नेटवर्कच नव्हतं. सुधाचं कार्डही त्याच खात्याचं. त्या माणसाची बायको आमच्या तोंडांकडे पाहत होती.

ताईंनी बटवा काढला, पण उघडला नाही. छातीशी धरून उभ्या राहिल्या. "हे माहे पैसे नाई भाऊ," त्या मला म्हणाल्या. मग, "डॉक्टरले इचारा, हे इंजेक्शन देल्लं तर वाचते का?"

मी विचारलं. डॉक्टर म्हणाला, आत्ता दिलं तर आशा आहे.

ताईंनी बटवा टेबलावर पालथा केला.

इंजेक्शनला ते पैसे पुरले; त्याला मोठ्या रुग्णालयात हलवेपर्यंत परतीच्या बोटीची वेळ झाली आणि विहार पाहायला वेळच उरला नाही. परतीच्या बोटीत ताई दान देणाऱ्या बायांची नावं पुटपुटत होत्या. "शेवंता, रमा, बेबी... काय सांगू याईले?" एक जीव ओढून आणलेली बाई भेदरून बसली होती. मी म्हणालो, मी भरून देतो. त्यांनी मान हलवली. "तुमचे पैसे तुमचे. त्याईचे त्याईचे." सहलीच्या शेवटच्या दिवशी जहाजावरच्या अधिकाऱ्यानं येऊन सांगितलं, की तो माणूस शुद्धीवर आला आहे, बोलतो आहे. ताईंनी हात जोडले, पण चेहऱ्यावरची काळजी गेली नाही.

वणीला आल्यावरच्या पहिल्या रविवारी त्या आम्हा दोघांना विहारात घेऊन गेल्या. वंदना झाली. ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी काहीही न लपवता सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुमचं दान इहारात पोचलं नाई. मी पेन्शनमधून भरून देतो."

बाहेरून कोळशाचे ट्रक जात होते, त्यांचा तेवढा आवाज. मग पुढे बसलेल्या शेवंताबाईंनी, त्या तिथल्या सगळ्यात वयस्कर, विचारलं, "थो वाचला?"

"वाचला."

"कोन होता?"

"माहीत नाई. नाव बी नाई इचारलं."

शेवंताबाई दोन्ही हात जोडून हळूच म्हणाल्या, "साधु."

मग मागच्या रांगेतून आवाज आला, "साधु." आणि मग सगळा विहार एका आवाजात म्हणाला, "साधु, साधु, साधु."

मी दाराशी बसलो होतो. चांगल्या कामाला 'साधु' म्हणून असं अनुमोदन द्यायचं ही त्यांची रीत, मी म्हणावं की नाही ते मला ठाऊक नव्हतं. पण माझेही हात जोडले गेले होते आणि मीही म्हणत होतो.