दामूभाऊची एक गेडी

भूत, करणी, बाहेरची बाधा... मी यातलं काहीच मानत नाही. जन्मभर नागभीडच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि नवस बोलणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण जे पाहिलं ते पाहिलं.

साल सत्तावन. आमचं गाव सावलीजवळ, सगळा धानाचा पट्टा. त्या पावसाळ्यात फ्लूची साथ आली आणि रोवणा, म्हणजे धानाची लावणी, अर्ध्यावर टाकून घरंच्या घरं आडवी झाली. माझा मोठा भाऊ दामू तापानं फणफणला होता, तो पोळ्याच्या तोंडावर कसाबसा उठला.

आमच्याकडे पावसाळ्यात गेडी चालवतात. म्हणजे दोन बांबू आणि त्यांना पाय ठेवायला गुडघ्याच्या जरा खाली येईल अशी खुंटी. पोरं तर चढतातच, पण दामूभाऊ लग्न झालेला बाप्या असून गेडीवर नाचायचा, आणि बघायला आजूबाजूच्या गावची माणसं यायची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्या गेड्या शिवेबाहेर फेकायच्या, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" असं ओरडत. मारबत म्हणजे गावाची इडापिडा सोबत घेऊन जाणारी. शिवेवर नेलेली गेडी परत घरात आणायची नाही. त्या वर्षी दामूभाऊनं एक फेकली... आणि अंगात त्राण नव्हतं म्हणून दुसरीचा टेका घेत घरी आला.

माय दारातच उभी. "अरे पोरा, रोग घरी घेऊन आला का रे?"

"माय, पाय लटलट करून राह्यले. काठीबिगर येऊ कसा?" असं म्हणून त्यानं ती गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवली. मी सुट्टीत घरी आलो होतो. मी हसलो.

दुसऱ्या दिवशी त्याचा डावा पाय गार पडला. आधी पांढराफटक, मग निळसर. तो कळवळून ओरडत होता. चिखलात उभं राहून वात भरला असेल असं समजून आम्ही गरम विटांनी शेकला. कातडी भाजली तरी त्याला कळलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरलो. बैलगाडीनं सावली गाठली आणि तिथून मोटारीनं चांदा, म्हणजे आजचं चंद्रपूर.

डॉक्टरांनी घोट्याजवळ, मग गुडघ्यामागे बोटं ठेवून नाडी शोधली. कुठेच लागली नाही. "अशा तापानंतर क्वचित रक्त घट्ट होतं, नळीत गुठळी बसते," ते म्हणाले. "खाली रक्तच जात नाही. बोटं मेलीत, बाकीचा पाय मरतोय. मांडीतून कापावा लागेल, नाहीतर माणूस जाईल."

दामूभाऊ हटून बसला. "माय म्हणन तर कापा. नाई तर मले असाच मरू द्या."

म्हणून मी मायला आणायला गावी गेलो. ती गोठ्याजवळ ती गेडी हातात धरून उभी होती.

"मास्तर, इकडे ये," ती म्हणाली. "हे पाह्य."

बांबू खालून काळा ठिक्कर पडला होता. काळं वर चढत खुंटीच्या जरा खाली एका रेघेवर थांबलं होतं. त्याच्या वर बांबू हिरवागार.

"ओलीत कुजला, माय."

"मंग वरचा काऊन नाई कुजला? पाऊस काय खालीच पडला?"

तिनं कुऱ्हाड मागितली आणि बरोबर रेघेवर घाव घातला. खालचा तुकडा स्वतः शिवेबाहेर नेऊन फेकला आणि मारबतीच्या नावानं एकटीच ओरडली. मग तिनं पदराला हात पुसले. "चाल आता चांद्याले. तो वाट पाहून राह्यला."

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडली आणि पुन्हा पुन्हा बोटं ठेवून पाहिली. गुडघ्यामागे नाडी लागत होती... बारीक, पण लागत होती. काळं गुडघ्याच्या खाली, अगदी ठळक रेघेवर थांबलं होतं. "गुडघा वाचला. खालून कापू," ते म्हणाले. असं कसं झालं, मी विचारलं. "बाजूच्या बारीक नळ्या कधीकधी उघडतात. पण या पायात... मला वाटलं नव्हतं."

माय दामूभाऊच्या उशाशी बसली. "कापू दे लेकरा. गुडघा ठेवला हाय मी तुहा." तो ढसाढसा रडला आणि हो म्हणाला. मीही रडलो, लपवण्यात अर्थ नाही.

गुडघा होता म्हणून लाकडी पाय बांधता आला, बांधावरून चालता आलं, शेती हातची गेली नाही. नंतर मी बऱ्याच डॉक्टरांना विचारलं. पायाचं कारण ते देतात. बांबू कुजण्याचं कारण मी स्वतःच देऊ शकतो. वेगवेगळं सगळं पटतं. दोन्ही एकत्र ठेवलं की मात्र मी आजही अडतो.

गेडीच्या वरच्या तुकड्याची दामूभाऊनं काठी केली. दरवर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तो ती टेकत शिवेवर जायचा, सगळ्यांसोबत ओरडायचा आणि ती टेकतच परत यायचा. एकदा मी चिडवलं, "काऊन नाई फेकत गा, दामूभाऊ? रोगाची हाय न ते?"

"अबे मास्तर," तो म्हणाला, "रोगाचा तुकडा माय फेकून आली. हा माहा गुडघा होय."